'समोरचा हॅकर आहे!' ऑनलाईन गेममधलं चीटिंग कायमचं बंद होऊ शकतं का?

बीडहून सोलापूरकडे निघालं की सुमारे २० किलोमीटरवर मांजरसुंबा लागतं. धुळे-सोलापूर महामार्गावरचं हे फाट्याचं गाव. इथून एक रस्ता केज-अंबाजोगाईकडे फुटतो, तर दुसरा पाटोद्याकडे जातो. मराठवाड्यातल्या अशा कुठल्याही फाट्यावर संध्याकाळी चार पोरं फोन आडवे धरून बसलेली असली, तर त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'हॅकर आहे भाऊ तो, भिंतीच्या आड होतो तरी मारलं!'

बीजीएमआय असो, फ्री फायर असो की कम्प्युटरवरचं व्हॅलोरंट, ही तक्रार सगळीकडे सारखीच. कंपन्या लाखो खाती बंद करतात, नवी सुरक्षा आणल्याचं जाहीर करतात, आणि पुढच्या आठवड्यात नवा हॅकर लॉबीत हजर असतो. मग प्रश्न पडतो, एवढे पैसे आणि एवढे इंजिनिअर असूनही हे बंद का होत नाही?

थोडक्यात उत्तर असं, की चीटिंग पूर्ण बंद होणं जवळपास अशक्य आहे. पण ते अवघड, महाग आणि कमी टिकणारं करता येतं. असं का, ते समजून घेण्यासाठी आधी चीटिंग कसं होतं ते बघू.

चीटिंगचे प्रकार कोणते?

नावं खूप आहेत, पण मुख्य प्रकार चारच.

पहिला, एमबॉट. यात नेम खेळाडू धरत नाही, सॉफ्टवेअर धरतं. बंदूक आपोआप शत्रूच्या डोक्यावर जाते.

दुसरा, वॉल हॅक किंवा ईएसपी. यात भिंतीपलीकडचे, गवतात लपलेले, डोंगरामागचे खेळाडू स्क्रीनवर चौकटीत दिसतात. कोणाकडे कुठली बंदूक आहे, कोणाची किती हेल्थ उरली आहे, हेसुद्धा कळतं.

तिसरा, स्पीड हॅक. खेळाडू नियमापेक्षा जास्त वेगानं धावतो, गाडी उडते, उंच इमारतीवर थेट उडी मारता येते.

चौथ्या प्रकाराला सॉफ्टवेअर लागतच नाही. वेगवेगळ्या टीमच्या लोकांनी फोनवर बोलून एकमेकांना न मारणं, म्हणजे टीमिंग. दुसऱ्याचं लाईव्ह स्ट्रीम बघून तो कुठं लपलाय ते शोधणं. किंवा आपल्या आयडीवर दुसऱ्या तरबेज खेळाडूला खेळायला बसवणं.

या चौघांना थांबवण्याचे उपाय वेगळे आहेत, आणि काहींवर तर नीट उपायच नाही.

पण प्रत्येक 'हॅकर' हा हॅकर नसतो

'भिंतीच्या आड होतो तरी गोळी लागली' या तक्रारीमागे बऱ्याचदा हॅक नसतो, नेटवर्क असतं.

मांजरसुंबा ते मुंबई हे सरळ रेषेतलं अंतर साधारण ३०० किलोमीटर. फायबरच्या तारेतून प्रकाश सेकंदाला जवळपास २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे गेमचा सर्व्हर मुंबईत आहे असं धरलं, तर नुसत्या अंतरामुळे जाऊन-येऊन लागणारा वेळ फक्त ३ मिलिसेकंद. तरीही फोनवर पिंग ६०, ८०, कधी १५० दिसतो. कारण वेळ अंतरात कमी आणि मधल्या टप्प्यांत जास्त जातो. फोन ते टॉवर, टॉवरवरची गर्दी, एका कंपनीच्या नेटवर्कमधून दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये उडी.

आता समजा, दोघांच्या नेटवर्कचा उशीर मिळून २०० मिलिसेकंदांचा फरक पडला. गेममधला माणूस सेकंदाला ६ मीटर धावतोय. तेवढ्या वेळात तो सव्वा मीटरच्या आसपास पुढं गेलेला असतो. तुमच्या फोनवर तुम्ही भिंतीआड पोचलात, पण मारणाऱ्याच्या फोनवर तुम्ही अजून उघड्यावरच आहात.

अशा वेळी न्याय कुणाच्या बाजूनं द्यायचा? बऱ्याच शूटिंग गेममध्ये सर्व्हर थोडा काळ मागं जाऊन बघतो, की गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं. त्याला तुम्ही दिसत होता, म्हणून गोळी लागली. ही फसवणूक नाही, उशिराची भरपाई आहे. पण मरणाऱ्याला ती हुबेहूब वॉल हॅकसारखी वाटते.

हे समजणं महत्त्वाचं आहे, कारण चीटिंग पकडणाऱ्या यंत्रणेलाही नेमकी हीच अडचण येते. खराब नेटवर्क आणि लबाडी या दोन्ही गोष्टी लांबून सारख्याच दिसतात.

मूळ अडचण: परीक्षा केंद्र तुमच्याच घरात आहे

दहावी-बारावीच्या परीक्षेत कॉपी रोखायची म्हणजे काय करतात? मुलांना केंद्रावर बोलावतात, प्रत्येक वर्गात पर्यवेक्षक ठेवतात, भरारी पथक फिरवतात, आता सीसीटीव्हीही लावतात. परीक्षांमधले गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. एवढं सगळं करूनही दरवर्षी कॉपीच्या बातम्या येतातच.

आता अशी परीक्षा डोळ्यांसमोर आणा, जिथं मूल स्वतःच्या घरात, स्वतःच्या खोलीत, दार लावून पेपर लिहितंय. आणि उत्तरपत्रिकेच्या शेजारीच उत्तरांची पुस्तिका बंद पाकिटात ठेवलीय, कारण पेपर चालू असताना ती अधूनमधून लागते. पाकीट उघडू नको, एवढीच सूचना दिलीय. ऑनलाईन गेम म्हणजे नेमकी ही परीक्षा.

गेमचे दोन भाग असतात. एक कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, दुसरा तुमच्या फोनवर. सर्व्हर कंपनीच्या ताब्यात आहे. फोन मात्र तुमचा आहे. त्यात कुठलं ॲप टाकायचं, काय बदलायचं, हे शेवटी फोनचा मालकच ठरवतो. कंपनीला त्या फोनवर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही, आणि विश्वास ठेवल्याशिवाय गेम चालवताही येत नाही.

मग सगळं सर्व्हरनंच का ठरवू नये?

काही गोष्टी सर्व्हर ठरवू शकतो, आणि ठरवतोही. बंदुकीत किती गोळ्या आहेत, एका गोळीनं किती हेल्थ कमी व्हावी, हा हिशेब सर्व्हरकडे ठेवला, की फोनमध्ये कितीही फेरफार केले तरी उपयोग होत नाही.

वेगाचंही तसंच. माणूस सेकंदाला ६ मीटर धावतो आणि तुमचा फोन सांगतोय की तुम्ही एका सेकंदात ४० मीटर गेलात, तर सर्व्हर ते नाकारू शकतो. अडचण अशी, की मांजरसुंबा घाटातून जाणाऱ्या एसटीत बसून कोणी खेळत असेल, नेटवर्क पाच सेकंद तुटलं आणि मग सगळी माहिती एकदम पोचली, तर सर्व्हरला तेही उडीसारखंच दिसतं. नियम फार कडक केला तर कमजोर नेटवर्कवाला प्रामाणिक खेळाडू मारला जातो. फार सैल ठेवला तर स्पीड हॅकवाला निसटतो. म्हणून कंपन्या मधलं काहीतरी ठेवतात, आणि हॅक बनवणारे त्या मधल्या जागेत बसतात.

वॉल हॅकचं दुखणं याहून खोल आहे. शत्रू कोपऱ्यावरून अचानक समोर आला, तर तो त्याच क्षणी स्क्रीनवर दिसायला हवा. त्यासाठी तो कुठं आहे हे तुमच्या फोनला थोडं आधीच माहीत असावं लागतं. म्हणजे ती माहिती फोनमध्ये असते, फक्त चित्रात दाखवलेली नसते. वॉल हॅक तेवढीच माहिती उचलतं आणि दाखवतं. वरच्या उदाहरणातलं बंद पाकीट ते हेच.

यावर उपाय म्हणजे पाकीटच उशिरा द्यायचं. व्हॅलोरंट या गेममध्ये, शत्रू दिसण्याची शक्यता निर्माण झाल्यावरच त्याची जागा खेळाडूच्या कम्प्युटरला कळवायची, अशी पद्धत वापरतात. त्यामुळे वॉल हॅक असलं तरी लांबचं फार काही दिसत नाही. पण हे सोपं नाही. व्हॅलोरंटमध्ये दहा खेळाडू आणि छोटा नकाशा असतो. बीजीएमआयमध्ये एका मॅचला शंभरपर्यंत खेळाडू, मोकळी मैदानं आणि लांबचं दाखवणाऱ्या दुर्बिणी. कोण कोणाला दिसू शकतो हे प्रत्येक क्षणाला मोजायचं म्हणजे सर्व्हरचं काम प्रचंड वाढतं. आणि मोजणीत थोडी चूक झाली की शत्रू हवेतून प्रकट झाल्यासारखा दिसतो.

एमबॉट थांबवणं तर आणखी अवघड

एमबॉट गेमचा कुठलाही नियम तांत्रिकदृष्ट्या मोडत नाही. सर्व्हरला फक्त एवढंच दिसतं, की बोट इकडून तिकडं सरकलं आणि गोळी सुटली. ते बोट माणसाचं की सॉफ्टवेअरचं, हे कसं ओळखायचं?

डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. पूर्वीचे एमबॉट १० मिलिसेकंदात नेम धरायचे, त्यामुळे लगेच पकडले जायचे. आता ते मुद्दाम उशीर करतात, मुद्दाम दोन-चार गोळ्या चुकवतात. चीट जितकं माणसासारखं वागतं तितकं ते लपतं.

यातली दिलासा देणारी बाजू अशी, की माणसासारखं वागायला लावलेल्या चीटचा फायदाही कमी होतो. पकडलं जाऊ नये म्हणून हॅकरला आपली ताकद स्वतःच आवरावी लागते. चीटिंगविरोधी यंत्रणेचं बरंचसं यश अशा न दिसणाऱ्या जागी असतं.

गेमचं भरारी पथक

फोन किंवा कम्प्युटरवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला अँटी-चीट म्हणतात. व्हॉल्व्ह या कंपनीनं २००२ मध्ये 'व्हॅक' आणलं. ओळखीची चीट सॉफ्टवेअर कम्प्युटरवर चालू आहेत का, हे ते तपासायचं. काहीसं खिशात चिठ्ठी आहे का ते बघण्यासारखं.

मग चीट बनवणारे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आणखी आतल्या थरात जाऊन बसले. त्यांच्या मागोमाग अँटी-चीटही आत गेलं. २०२० मध्ये रायट कंपनीनं व्हॅलोरंटसोबत आणलेलं 'व्हॅनगार्ड' कम्प्युटर सुरू होताच जागं होतं आणि सिस्टिमच्या सगळ्यात आतल्या भागात, म्हणजे कर्नलमध्ये काम करतं.

याचा त्रास वेगळा. एका खेळासाठी घराची किल्ली कंपनीला द्यायची का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, किल्लीवाल्याकडून चूक झाली तर? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कम्प्युटर बंद पडले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते सॉफ्टवेअर गेमचं नव्हतं, पण कर्नलच्या पातळीवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरची चूक केवढी महागात पडते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

मोबाईलवर परिस्थिती उलटी आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला आपापली खोली दिलेली असते, आणि दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. आपला बँकेचा ॲप सुरक्षित राहतो तो यामुळेच. पण त्यामुळे गेमलाही शेजारच्या खोलीत काय चाललंय ते दिसत नाही. आणि फोन 'रूट' केलेला असेल, तर मालक सगळ्या खोल्यांत फिरू शकतो आणि गेम मात्र भाडेकरू म्हणून आपल्याच खोलीत अडकून राहतो. गेमचं ॲप मूळ आहे का, फोनमध्ये फेरफार झालाय का, याची खातरजमा करणारी सोय गुगल देतं. तिचा उपयोग होतो, पण तिला चकवण्याच्या युक्त्याही निघत राहतात.

रिपोर्ट केलं तरी लगेच बॅन का होत नाही?

हा नेहमीचा राग. यामागं बऱ्याचदा ठरवलेली चाल असते. एखादं चीट सापडल्याबरोबर ते वापरणाऱ्याला बॅन केलं, तर बनवणाऱ्याला लगेच कळतं की आपलं काय पकडलं गेलं. तो दोन दिवसांत दुरुस्ती करतो. म्हणून कंपन्या काही आठवडे नावं गोळा करतात आणि एकदम हजारो खाती बंद करतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हॉल्व्हनं डोटा २ या गेममध्ये असाच सापळा लावला. गेमच्या डेटामध्ये एक गुप्त जागा ठेवली, जी सरळ खेळणाऱ्याचा गेम कधीच वाचणार नाही. ती जागा वाचली म्हणजे चीट चालू आहे हे नक्की. त्या एका सापळ्यात ४० हजारांहून जास्त खाती अडकली.

इतरांनीही वेगवेगळ्या युक्त्या केल्या. फॉल गाईज या गेमनं २०२० मध्ये हॅकर लोकांना गुपचूप एकमेकांसोबतच खेळायला सोडून दिलं होतं. कॉल ऑफ ड्यूटीनं २०२२ मध्ये हॅकरला समोरचे खेळाडू दिसेनासेच केले.

लाखो आयडी बॅन होतात, तरी हॅकर संपत का नाहीत?

पबजीच्या कम्प्युटर आवृत्तीत एकट्या जानेवारी २०१८ मध्ये १० लाखांहून जास्त खाती बंद झाली होती. भारतात पबजी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आलं, आणि पहिल्या काही महिन्यांतच क्राफ्टन कंपनीनं लाखो खाती बंद केल्याचं जाहीर केलं.

पण मोबाईलवर गेम फुकट असतो. नवा ई-मेल, नवी आयडी, आणि माणूस पाच मिनिटांत परत. पैसे देऊन विकत घेतलेला गेम असेल तर बॅन झाल्यावर पुन्हा पैसे जातात. फुकट गेममध्ये तो धाकच नसतो.

म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये बीजीएमआयनं थेट फोनच बॅन करायला सुरुवात केली. खातं बदललं तरी त्या फोनवर गेम चालणार नाही. हा उपाय जबर आहे, पण त्याचा फटका चुकीच्या माणसालाही बसू शकतो. गावाकडं फोन हातोहात फिरतो. भावाचा जुना फोन, तालुक्याच्या दुकानातून घेतलेला सेकंडहँड फोन. आधीच्या मालकानं हॅक वापरलेलं असेल, तर त्याची शिक्षा नव्या मालकाच्या वाट्याला येण्याचा धोका असतो.

यंत्रणा स्वतःही चुकते. जुलै २०१० मध्ये व्हॉल्व्हनं कॉल ऑफ ड्यूटीच्या सुमारे १२ हजार निर्दोष खेळाडूंना चुकून बॅन केलं होतं. नंतर माफी मागून त्यांना एक गेम फुकट दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडी कंपनीनं आपल्या ग्राफिक्स कार्डची, गेममधला प्रतिसादाचा उशीर कमी करणारी एक सोय काउंटर स्ट्राईक २ साठीही आणली. काउंटर स्ट्राईक २ च्या अँटी-चीटला तीच चीट वाटली, आणि ती वापरणारे बॅन झाले. एएमडीला ते अपडेट मागं घ्यावं लागलं.

चीटिंग शंभर टक्के थांबवायचं असेल तर संशयावरच सगळ्यांना हाकलावं लागेल. त्यात सरळ खेळणारे किती जातील याचा हिशेब नाही. कंपन्या हात आखडता घेतात त्याचं हे एक मोठं कारण आहे.

हा लाखोंचा नाही, कोटींचा धंदा आहे

चीट बनवणारा म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसलेला कॉलेजचा पोरगा, हे चित्र आता जुनं झालं. चीट महिन्याच्या भाड्यानं विकली जातात, त्यांना ग्राहक सेवा असते, एजंट असतात.

मार्च २०२१ मध्ये चीनच्या कुनशान शहरातल्या पोलिसांनी टेन्सेंट कंपनीच्या मदतीनं अशी एक टोळी पकडली. दहा जणांना अटक झाली. महागड्या गाड्यांसह ४ कोटी ६० लाख डॉलरची मालमत्ता जप्त झाली. टोळीची कमाई ७ कोटी ६० लाख डॉलरच्या घरात होती.

दक्षिण कोरियानं डिसेंबर २०१६ मध्ये कायदाच बदलला. गेम कंपनीच्या परवानगीशिवाय चीट बनवून पसरवणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा ५ कोटी वॉनपर्यंत दंड. अमेरिकेत कंपन्या कोर्टात जातात. मे २०२४ मध्ये एंजिनओनिंग या चीट विकणाऱ्या कंपनीला १ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायचा आदेश झाला.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन गेमिंगचा नवा कायदा झाला. त्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. पण बीजीएमआयमधला एमबॉट हा त्या कायद्याचा विषय नाही. त्यामुळे इथं गेममधल्या हॅकरला सगळ्यात मोठी भीती असते ती आयडी जाण्याची.

समोरासमोर बसवलं तर?

परीक्षा केंद्राचा उपाय गेममध्येही आहे. मोठ्या स्पर्धांच्या फायनल एका सभागृहात होतात. फोन किंवा कम्प्युटर आयोजक देतात, मागं पंच उभे असतात.

तरीही ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या एका काउंटर स्ट्राईक स्पर्धेत एका भारतीय संघाचा खेळाडू चीट वापरताना पकडला गेला. त्यानं ती फाईल 'वर्ड' या नावानं लपवली होती. अख्खा संघ बाद झाला, पुढं संघच बरखास्त झाला, आणि त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. बाकीच्या चौघांचं करिअरही त्यात भरडलं गेलं.

मार्च २०२४ मध्ये तर वेगळंच घडलं. एपेक्स लेजंड्स या गेमच्या ऑनलाईन चालू असलेल्या मोठ्या स्पर्धेत एका हल्लेखोरानं नामवंत खेळाडूंच्या गेममध्ये, त्यांची इच्छा नसताना, वॉल हॅक आणि एमबॉट चालू करून दिलं. सामने पुढं ढकलावे लागले. ज्याच्या स्क्रीनवर हॅक दिसतंय तोच चोर, हा नियमही तिथं मोडला.

बुद्धिबळाचं उदाहरण याहून बोलकं आहे. बुद्धिबळात लपलेलं काही नसतं, दोघांनाही पूर्ण पट दिसतो. तिथं वॉल हॅकला जागा नाही. तरी ऑनलाईन बुद्धिबळात चीटिंग होतं, कारण शेजारी दुसरा फोन ठेवून इंजिनला चाल विचारता येते. जून २०२१ मध्ये विश्वनाथन आनंद यांच्यासोबतच्या मदतनिधीच्या ऑनलाईन सामन्यात एका उद्योजकानं अशी मदत घेतली आणि दुसऱ्या दिवशी ते कबूलही केलं. खेळाचं सॉफ्टवेअर कितीही पक्कं केलं, तरी खोलीतला दुसरा फोन त्याला दिसत नाही.

म्हणून किताबाचे मोठे सामने आजही समोरासमोर होतात. नागपूरच्या दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्या, तो जॉर्जियातल्या बाटुमीत पटासमोर बसून.

एआय आल्यावर काय होईल?

दोन्ही बाजूंचं बळ वाढेल. कंपन्या एआयला लाखो मॅच दाखवून संशयास्पद खेळ ओळखायला शिकवतात. दुसरीकडे, आता काही चीट गेमला हातच लावत नाहीत. ती स्क्रीनवरचं चित्र माणसासारखी बघतात, त्यात शत्रू ओळखतात आणि नेम फिरवतात. काही प्रकारांत हे काम शेजारचा दुसरा कम्प्युटर करतो, म्हणजे गेमच्या मशीनवर सापडण्यासारखं फार काही उरतच नाही.

अशा चीटला पकडायचं तर एकच धागा हाताशी राहतो, खेळाडू खेळतो कसा. सहा महिने साधारण खेळणारा एका रात्रीत अचूक नेमबाज झाला, तर ते आकड्यांत दिसतं. पण ते शक्यतेचं गणित आहे, पुरावा नाही.

मग खेळणाऱ्यांनी काय करावं?

सगळ्यात मोठा धोका हॅकरकडून हरण्यात नाही, हॅक डाउनलोड करण्यात आहे. पबजीवर बंदी असताना, आणि पुढं जुलै २०२२ ते मे २०२३ या काळात बीजीएमआय प्ले स्टोअरवर नसताना, अनेकांना बाहेरून एपीके फाईल टाकायची सवय लागली. टेलिग्रामवर मिळणारं 'फ्री हॅक' त्याच वाटेनं फोनमध्ये शिरतं. ते ॲक्सेसिबिलिटी, मेसेज, दुसऱ्या ॲपवर दिसण्याची परवानगी मागतं. एवढ्या परवानग्या मिळालेलं ॲप ओटीपी वाचू शकतं, स्क्रीन बघू शकतं.

ज्या घरात एकच चांगला फोन आहे, त्याच फोनवर वडिलांचं यूपीआय, बचत गटाचे मेसेज आणि पीक विम्याची कागदपत्रं असतात. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांच्यासाठी तर घरी राहिलेल्या मुलांशी बोलायचा धागाही तोच फोन असतो. एका मॅचमध्ये भिंतीपलीकडचं दिसावं म्हणून तो फोन अनोळखी माणसाच्या हवाली करणं परवडणारं नाही.

तेव्हा एवढं लक्षात ठेवावं:

- गेम फक्त अधिकृत स्टोअरवरून घ्यावा. हॅक, मॉड, 'अनलिमिटेड यूसी' असं लिहिलेली फाईल उघडू नये.
- सेकंडहँड फोन घेताना दुकानातच गेममध्ये लॉगिन करून बघावं.
- आपली आयडी दुसऱ्याला रँक वाढवायला देऊ नये. त्यानं हॅक वापरलं तर बॅन तुमच्या नावावर येतो.
- संशय आला तर गेममधूनच रिपोर्ट करावा. शक्य असेल तर आधी रिप्ले बघावा आणि आपला पिंगही तपासावा. नुसत्या संशयावर कोणाचं नाव आणि फोटो ग्रुपवर फिरवू नये.
- पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करावा.

तर, चीटिंग कधी तरी थांबेल का?

पूर्णपणे नाही. फोन खेळणाऱ्याच्या हातात आहे आणि खेळण्यापुरती माहिती त्या फोनला द्यावीच लागते, तोवर कोणी ना कोणी ती माहिती चोरणार. तो प्रश्न पूर्ण मिटवायचा एकच मार्ग, म्हणजे फोनचा ताबाच मालकाकडून काढून घ्यायचा. तसं झालं तर तो फोन बाकी कशाच्या कामाचा राहणार नाही.

पण दहा मॅचमध्ये एक हॅकर भेटणं आणि हजार मॅचमध्ये एक भेटणं, यात खेळणाऱ्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. चीट महाग झाली, लवकर पकडली गेली, विकणाऱ्यावर कारवाई झाली, आणि मित्रानं हॅक लावलं म्हणून बाकीच्या तिघांनी त्याच्यासोबत खेळायला नकार दिला, तर हा फरक पडतो. पहिल्या तीन गोष्टी कंपन्या आणि सरकारच्या हातात आहेत. चौथी मात्र सोबत खेळणाऱ्या पोरांच्याच हातात आहे.